मनोविश्लेषणात्मक उपचारांना आज नेमकी जागा कोणती?

प्रश्न : उंबरठा

तीन वर्षांपूर्वी मला अचानक भीतीचे झटके येऊ लागले. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या आणि आता आपले काही खरे नाही अशी खात्री, असे त्यांचे स्वरूप होते. मनोविकारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली, सोबत सीबीटीची, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर थेट काम करणाऱ्या उपचाराची, सोळा सत्रे झाली आणि सहा महिन्यांत झटके थांबले. पुढे औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने बंद झाली. या उपचारांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

मात्र एक गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे. कोणत्याही नोकरीत मी साधारण दीड वर्ष मन लावून काम करतो, वरिष्ठ कौतुक करू लागतात, मोठी जबाबदारी देऊ करतात, आणि नेमके त्याच सुमारास माझे त्यांच्याशी बिनसते. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी कारण निराळे होते आणि त्या त्या वेळी ते मला पूर्णपणे पटलेले होते. मागच्या महिन्यात जुनी कागदपत्रे आवरताना चारही राजीनामे एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा पहिली दोन वाक्ये चारही ठिकाणी जवळजवळ सारखीच निघाली आणि मी चरकलो.

हे डॉक्टरांना सांगितले असता त्यांनी मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारा मानसोपचार घेऊन पाहावा असे सुचवले. माझी मावसबहीण मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. तिच्या मते मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आता केवळ इतिहासाच्या पेपरपुरता उरला असून अशा उपचारांत वेळ घालवणे म्हणजे पंचांगावरून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्यासारखे आहे. दोघांच्याही हेतूविषयी मला शंका नाही. आजच्या मानसिक आरोग्यसेवेत या उपचारांना खरोखर काही स्थान आहे का, असल्यास कोणत्या रुग्णासाठी, आणि ते कशाच्या आधारावर म्हणायचे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.


उत्तर : अर्धविराम

मी मनोविकारतज्ज्ञ असून औषधोपचार आणि मानसोपचार ही दोन्ही कामे करतो. आपल्या मावसबहिणीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे आणि सगळा घोळ उरलेल्या निम्म्यात आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. रूढ अर्थाने मनोविश्लेषण म्हणजे आठवड्यातून चार-पाच वेळा कोचावर आडवे होऊन, उपचारक नजरेआड बसलेला असताना, मनात येईल ते न गाळता बोलत राहणे, आणि हे वर्षानुवर्षे करणे. असे उपचार आज फार थोडे लोक घेतात आणि फार थोडे लोक देतात. आपल्या डॉक्टरांनी बहुधा जे सुचवले आहे त्याला सायकोडायनॅमिक मानसोपचार म्हणतात. त्यात उपचारक आणि रुग्ण समोरासमोर बसतात, आठवड्यातून एक किंवा दोन सत्रे होतात, एक सत्र साधारण पन्नास मिनिटांचे असते आणि एकूण मुदत कधी सोळा सत्रे तर कधी दोन वर्षे अशी असू शकते. दोन्हींची मुळे एकच असली तरी पहिल्यावरची टीका दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि दुसऱ्याच्या बाजूचा पुरावा पहिल्याच्या खात्यात जमा करणेही योग्य नाही. ही दुसरी चूक मनोविश्लेषणाचे समर्थक वारंवार करतात.

फ्रॉइडचे पुष्कळसे खरोखरच मोडीत निघाले आहे. स्वप्नातल्या वस्तूंचे ठरीव अर्थ, बालपणीच्या लैंगिकतेच्या टप्प्यांची चौकट किंवा स्त्रियांच्या मनाविषयीची त्याची विधाने यांना आज उपचारखोलीत फारसे कोणी विचारत नाही. टिकले ते दुसरेच. आपल्या वागण्यामागची काही कारणे आपल्यालाच ठाऊक नसतात, क्लेशदायक भावना टाळण्यासाठी मन काही ठरावीक युक्त्या करते, आणि आयुष्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या माणसांशी जे नाते होते त्याचा साचा आपण नकळत पुढच्या माणसांवर चढवतो, ही ती सूत्रे होत. तिसऱ्या गोष्टीला भावसंक्रमण म्हणतात. फ्रॉइडला तिचे महत्त्व एका अपयशातून कळले. त्याने ‘डोरा’ या टोपणनावाने ज्या तरुणीची हकीकत १९०५ साली प्रसिद्ध केली, ती अकरा आठवड्यांतच उपचार सोडून निघून गेली होती, आणि तिच्या मनात आपल्याविषयी काय चालले आहे हे आपण वेळेत ओळखले नाही, अशी कबुली त्याने त्याच लेखनात दिली. आपल्या चार राजीनाम्यांविषयी वाचताना मला ती हकीकत आठवली.

आता पुराव्याकडे वळू. १९५२ साली हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहून मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्ण सुधारतात, तर असे उपचार न घेतलेल्यांपैकी ७२ टक्के आपोआप सुधारतात, असा धक्कादायक दावा केला. त्याची आकडेमोड सदोष होती हे पुढे दाखवले गेले, परंतु त्या लेखाने विचारलेला प्रश्न रास्तच होता, आणि मनोविश्लेषकांनी त्याला उत्तर देण्याऐवजी दशकानुदशके ‘आमचे काम मोजता येत नाही’ असे सांगून वेळ मारून नेली. त्याच काळात मनोविकारांवरची औषधे आली. स्वतः मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेल्या अल्बर्ट एलिस यांनी त्यातून बाहेर पडून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ॲरन बेक यांचे तर नवल वाटावे असे झाले. नैराश्यात माणसाचा राग स्वतःवरच उलटलेला असतो हा मनोविश्लेषणाचा सिद्धान्त पक्का करण्यासाठी ते रुग्णांची स्वप्ने तपासायला बसले आणि त्यांत रागाऐवजी अपयश व गमावलेपण सापडल्याने त्यांनी वेगळी वाट धरली. त्या वाटेवर पुढे आपण घेतलेली सीबीटी उभी राहिली. १९८० साली मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा मनोविश्लेषणाची भाषा तिच्यातून जवळजवळ हद्दपार झाली होती. आपली बहीण जो इतिहास शिकते तो साधारण येथे संपत असावा.

त्यानंतर मोजदाद सुरू झाली, उशिरा का होईना. २०१३ साली नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या ३४१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला सीबीटीची आणि दुसऱ्याला सायकोडायनॅमिक उपचारांची प्रत्येकी सोळा सत्रे दिली गेली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मात्र दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले रुग्ण पाव हिश्श्याहून कमी होते, ही गोष्ट दोन्ही पक्षांचे लोक भराभर वाचून पुढे जातात. त्याच वर्षी जर्मनीत सामाजिक भयगंडाच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सीबीटीने ३६ टक्के आणि सायकोडायनॅमिक उपचारांनी २६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर नुसते प्रतीक्षेत ठेवलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे तेथे सीबीटी सरस ठरली, पण दुसरा उपचारही निष्फळ नव्हता.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधला २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यात १२९ रुग्ण होते आणि त्यांचे नैराश्य किमान दोन उपचारांना दाद न दिलेले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला दीड वर्ष आठवड्यातून एक मनोविश्लेषणात्मक सत्र. दीड वर्ष संपले तेव्हा दोन्ही गटांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. आपण त्या दिवशी निकाल लावला असता तर हा उपचार फुकट गेला असेच म्हटले असते. पण संशोधक आणखी दोन वर्षे थांबले, आणि तोवर नेहमीच्या उपचारांच्या गटात अंशतः तरी बरे असलेले केवळ ४.४ टक्के उरले होते, तर मनोविश्लेषणात्मक गटात ते ३० टक्के होते. या अभ्यासालाही मर्यादा आहे, कारण तुलना दुसऱ्या एखाद्या शिस्तबद्ध मानसोपचाराशी नव्हती. तरी सत्रे थांबल्यानंतर फरक दिसू लागणे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकारात, जेथे नाती सतत जुळतात आणि तुटतात, तेथे मनोविश्लेषणातूनच निघालेल्या ‘मेंटलायझेशन’ पद्धतीचा, म्हणजे आपल्या आणि इतरांच्या मनात काय चालले आहे हे ओळखायला शिकवणाऱ्या उपचाराचा, आठ वर्षांनंतरचा निकाल याहून ठळक आहे. त्या काळात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण या पद्धतीच्या गटात २३ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ७४ टक्के होते. रुग्ण जेमतेम चाळीस होते हे मात्र विसरू नये.


उत्तर : तिसरा मजला

अर्धविराम यांचे विवेचन संतुलित आहे, परंतु संतुलनाची किंमत कधी कधी रुग्णाचे घर मोजते, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला मंत्रचळ आहे. एकोणिसाव्या वर्षी तो दिवसाला चार-चार तास हात धूत असे. कोपरापर्यंत कातडी फाटलेली, नळ बंद करायला कोपराचाच उपयोग, आणि आईने दार ठोठावले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते उपचारक अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ होते. त्यांनी तीन वर्षे त्याच्या अपराधभावाचा उगम शोधला. वडिलांविषयीचा दडपलेला राग, स्वतःला शुद्ध करण्याची इच्छा, असे बरेच काही सापडले आणि भावाला ते पटलेही. तो आपल्या आजाराविषयी आमच्यापैकी कोणापेक्षाही सुंदर बोलू लागला. हात मात्र तसेच धूत राहिला. सुधारणा नाही असे आम्ही म्हटले की तो ‘प्रतिरोध’, म्हणजे उपचारालाच मनाने नकळत केलेला विरोध, ठरे, भाऊ सत्राला गेला नाही तर तोही प्रतिरोध, आणि मी एकदा आवाज चढवला तेव्हा संपूर्ण कुटुंबाचाच प्रतिरोध ठरला. ज्या मताला कोणतीही घटना खोटे पाडू शकत नाही, त्याच्याशी वाद घालणे म्हणजे धुक्यात मुठी मारणे आहे.

पुढे दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला दाराच्या कडीला हात लावून तो न धुता बसायला शिकवले. पहिल्या दिवशी सहा मिनिटे. माझा भाऊ घामाने थबथबला होता आणि बाई शेजारी बसून घड्याळ पाहत होत्या. चार महिन्यांनी तो आमच्यासोबत एका ताटात जेवला. मंत्रचळासाठी हा प्रत्यक्ष सामोरे जाण्याचा उपचार मान्यताप्राप्त आहे, हे त्या तीन वर्षांत आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा नाही. अमेरिकेत रफाएल ओशेरॉफ नावाच्या डॉक्टरांना १९७९ साली तीव्र नैराश्यासाठी एका नामांकित खाजगी मनोरुग्णालयात ठेवले होते. सात महिने त्यांना औषध न देता केवळ मनोविश्लेषणात्मक उपचार दिले गेले. त्यांचे वजन झपाट्याने घटले आणि अखंड येरझाऱ्या घालून पायांना फोड आले. दुसऱ्या रुग्णालयात औषधे मिळाल्यावर तीन महिन्यांत ते घरी गेले. त्यांनी १९८२ साली दावा लावला आणि १९८७ साली तडजोड झाली. याच परंपरेने १९४८ नंतर कित्येक वर्षे छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) खापर आईवर फोडले, स्वमग्न मुलांच्या आयांना ‘थंड’ ठरवले, आणि समलैंगिकतेला आजार मानल्याबद्दल माफी मागायला अमेरिकेतील मनोविश्लेषकांच्या संघटनेला २०१९ साल उजाडावे लागले. ज्या माणसांनी ही दुखणी सोसली त्यांना ‘आता आम्ही मोजमाप करतो’ हे उत्तर पुरेसे वाटेल का, याविषयी मला शंका आहे.


उत्तर : पाणवठा

मी तज्ज्ञ नाही. दोन वर्षे, आठवड्यातून दोनदा, हा उपचार घेतलेली एक रुग्ण आहे. वर सिद्धान्तांची चर्चा झाली आहे, पण त्या खोलीत नेमके काय घडते हे कोणी लिहिले नाही, म्हणून एकच प्रसंग सांगते.

सातव्या महिन्यात एका सत्राच्या शेवटी माझ्या उपचारक बाईंनी पुढचे दोन आठवडे आपण नसू असे सांगितले. मी लगेच म्हणाले, “छान झाले, तुम्हालाही विश्रांती हवीच.” त्यानंतरच्या सत्राला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचले, कारण किल्ल्या सापडत नव्हत्या. त्या होत्या पर्समध्येच. सुट्टीनंतर पहिल्यांदा गेले तेव्हा बोलायला काहीच नव्हते. खिडकीत एक कुंडी होती, तिच्यातल्या रोपाची पाने मी मोजत बसले. पंधरा-वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, “मी जाताना तुम्ही माझी फार काळजी घेतलीत. तुमची कोणी घेतली?” मला त्यांचा इतका राग आला की मी उठून जाणार होते. असला नाटकी प्रश्न विचारायला यांना काय हक्क, असे वाटले. आणि मग, राग अजून पुरता ओसरलाही नसताना, मी सहा वर्षांची असताना आई दीर्घ आजाराने रुग्णालयात होती ते दिवस डोळ्यांपुढे आले. सगळे नातेवाईक माझे कौतुक करत की किती समजूतदार मुलगी आहे, जराही त्रास देत नाही.

आईच्या आजारपणाची ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. पहिल्याच भेटीत मी ती दोन वाक्यांत, हसतमुखाने सांगितली होती. त्यामुळे दडलेली आठवण वर आली वगैरे चित्रपटात दाखवतात तसे काही घडले नाही. घडले ते एवढेच की तो समजूतदारपणा मी त्या बाईंच्या समोर, त्यांच्याच बाबतीत, पुन्हा करत होते आणि तो दोघींनी मिळून चालू असताना पकडला. त्यानंतरही वर्षभर आम्ही त्याच मुद्द्याभोवती फिरत होतो. “मला तुमच्या जाण्याचा राग आला होता” हे साधे वाक्य उच्चारायला मला त्यानंतर तीन महिने लागले. आज घरात नवऱ्याने काही लागट बोलले तर मी भांडी घासायला उठत नाही, बसून सांगते. बदल म्हणावा तर इतकाच आहे, आणि तो माझ्या संसाराला पुरला आहे.

दोन इशारे मात्र द्यावेसे वाटतात. पहिले चार महिने मला आधीपेक्षा वाईट वाटत होते, आणि हे सामान्य आहे की धोक्याचे हे मला स्वतःला ठरवता येत नव्हते. शिवाय मधल्या काळात मी घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत सुटले होते. माझ्या सासूबाई एरवी फार सोशिक आहेत, पण त्यांनीही एकदा हात जोडले.


उत्तर : अर्धविराम

तिसरा मजला यांच्या भावाच्या बाबतीत जे झाले ते चुकीचे होते, यात ‘परंतु’ नाही. मंत्रचळासाठी केवळ मनोविश्लेषणात्मक उपचार पुरेसे ठरतात असा पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. छिन्नमनस्कता, द्विध्रुवी विकाराची तीव्र अवस्था, खाणेपिणे सुटलेले नैराश्य आणि नुकतीच उद्भवलेली आत्महत्येची जोखीम या सर्व ठिकाणी आधी औषधे आणि सुरक्षितता पाहायची असते. अर्थाचा शोध तेथे पहिल्या दिवसाचे काम नव्हे.

त्यांच्या मुद्द्याला मी आणखी एक दाखला जोडतो, कारण तो आमच्या बाजूच्या लोकांनीच समोर आणला. बुलिमियात रुग्ण अनावर खातो आणि मग मुद्दाम उलटी करतो. डेन्मार्कमधील मनोविश्लेषणाकडे कल असलेल्या संशोधकांनी अशा ७० रुग्णांना घेऊन एका गटाला दोन वर्षे दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक सत्रे दिली आणि दुसऱ्या गटाला पाच महिन्यांत सीबीटीची केवळ वीस सत्रे. पाच महिन्यांनी सीबीटीच्या गटात ४२ टक्के रुग्णांचे ते चक्र थांबले होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. दोन वर्षांनी हे प्रमाण ४४ आणि १५ टक्के असे होते. म्हणजे जवळजवळ पाच पट मुदत देऊनही आवडता उपचार हरला, आणि त्यांनी ते २०१४ साली जसेच्या तसे छापले. प्रतिरोधाच्या नावाखाली अपयश झाकण्याच्या जुन्या सवयीवर मला हाच उतारा दिसतो.

या दोन टोकांच्या मधली जागा कोणती, हा मूळ प्रश्न आहे. माझ्या कामात मी साधारणपणे असे पाहतो की रुग्णाची तक्रार ‘मला अमुक होते’ अशी आहे की ‘माझे नेहमी असेच होते’ अशी. पहिल्या प्रकारात, म्हणजे झटके, मंत्रचळ, विशिष्ट वस्तूची भीती, झोप न लागणे अशा तक्रारींत, लक्षणावर सरळ चाल करून जाणारे उपचार आधी द्यावेत. दुसऱ्या प्रकारात लक्षण असे काही हाती लागतच नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणि तरी दर दोन वर्षांनी त्याच वळणावर येऊन धडकतो. तेथे गृहपाठाच्या वहीत विचार नोंदवून घेतले तर नोंदी उत्तम होतात, कारण असा माणूस बहुधा गृहपाठ चोख करणाराच असतो, पण तो साचा उपचारकाशी असलेल्या नात्यात उमटेपर्यंत त्याला हात घालता येत नाही. पाणवठा यांनी कुंडीच्या पानांचा जो प्रसंग लिहिला आहे तो याचाच नमुना होय. हे माझे अनुभवावर आधारलेले मत आहे. वर दिलेल्या चाचण्यांनी ते सिद्ध केले आहे असा माझा दावा नाही.

व्यवस्थेच्या पातळीवर पाहिले तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे निर्णय घेतले आहेत. जर्मनीत १९६७ पासून सार्वजनिक आरोग्यविम्यातून मनोविश्लेषणात्मक उपचारांचा खर्च मिळतो आणि तीनशे तासांपर्यंतची सत्रे मंजूर होऊ शकतात. इंग्लंडच्या २०२२ च्या नैराश्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अल्पमुदतीचा सायकोडायनॅमिक उपचार हा अनेक पर्यायांपैकी एक म्हणून आहे. फ्रान्समध्ये हा विचार एकेकाळी सर्वांत प्रबळ होता, तेथेच २०१२ साली आरोग्यविषयक अधिकृत संस्थेने स्वमग्नतेसाठी मनोविश्लेषणाची शिफारस करण्यास नकार दिला. या तिन्ही निर्णयांत मला विसंगती दिसत नाही.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. ‘माझे नेहमी असेच होते’ हे वाक्य वाचल्यावर पुढे वाचायला थोडा वेळ लागला. तिसरा मजला यांचा अनुभव वाचून मनात भीतीही आहे. मी चार वर्षे छान छान बोलत राहीन आणि पाचवा राजीनामा लिहीन, असे होऊ नये यासाठी सुरुवातीलाच काय विचारावे? आणि ते चार राजीनामे उपचारकांना नेऊन दाखवावेत का?


उत्तर : तिसरा मजला

तारीख विचारा. अमुक महिन्यांनी आपण दोघे बसून फरक पडला का ते पाहू, अशी तारीख पहिल्या भेटीत ठरवायला जे तयार नसतील त्यांच्याकडे जाऊ नका. आम्ही ती विचारली नाही.


उत्तर : अर्धविराम

तारखेचा सल्ला अचूक आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान असा आढावा ठेवावा, आणि त्या वेळी कोणत्या गोष्टीवरून फरक ओळखायचा हे आजच लिहून ठेवावे. आपल्या बाबतीत ती गोष्ट मन हलके वाटणे ही नसावी, कारण ते तर पहिल्या महिन्यातच वाटेल. वरिष्ठांनी कौतुक केल्यावर पुढच्या आठवड्यात आपण काय केले, ही असावी. उपचारकांचे प्रशिक्षण कोठे झाले, त्यांच्या कामावर देखरेख करणारे ज्येष्ठ कोणी आहेत का, आणि झटके पुन्हा सुरू झाले तर ते आपल्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील का, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. त्यांचे उत्तर ‘आपल्याला हे का विचारावेसे वाटले’ एवढेच आले, तर दुसरे कोणी पाहावे. प्रश्नामागचा अर्थ उलगडायला हरकत नाही, पण आधी प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

राजीनामे नेण्याची आवश्यकता नाही, त्यांच्याविषयी सांगितलेत तरी पुरे. माझा अंदाज असा आहे की उपचार चांगले चालले आहेत असे उपचारक ज्या दिवशी बोलून दाखवतील, त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्याला ते थांबवण्याचे एखादे अगदी पटण्यासारखे कारण सापडेल. म्हणून पहिल्याच भेटीत एक अट आपण होऊन घालून घ्यावी. थांबायचे ठरलेच तर ते निरोप पाठवून कळवायचे नाही, सत्रात येऊन सांगायचे आणि त्यानंतर आणखी तीन सत्रे यायचे. त्या तीन सत्रांनंतरही थांबावेसे वाटले तर जरूर थांबावे.